जेरार्ड जाण्याआधी: बॅरोलँडमध्ये टीनएज फॅनक्लब

तिकिटं काढली तेव्हा हा निरोपाचा कार्यक्रम ठरेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. टीनएज फॅनक्लब या रॉक बँडनं १९९१ ते २००० या काळात क्रिएशन रेकॉर्ड्स या कंपनीसाठी केलेले पाच अल्बम २०१८मध्ये नव्यानं विनाइल रेकॉर्डवर येणार होते. त्या निमित्तानं बँड ब्रिटनमधल्या मोजक्या शहरांत जाऊन हे अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, त्याच क्रमानं वाजवणार होता. त्यांच्या स्वतःच्या गावाला, म्हणजे ग्लासगोला, ऑक्टोबरच्या अखेरीस ओळीनं तीन रात्री मिळाल्या होत्या आणि जागा होती बॅरोलँड हा तिथला जुना हॉल. माझी आतेबहीण ग्लासगोत डॉक्टर आहे, मी तेव्हा एडिनबरोला नोकरीत होतो. विक्री सुरू व्हायच्या सकाळी आम्ही दोघंही आपापल्या ठिकाणी लॅपटॉपसमोर बसलो होतो. मधल्या रात्रीची तिकिटं तिला मिळाली, शेवटच्या रात्रीची मला. पहिली रात्र हुकली, पण दोन रात्री पदरात पडल्या याचाच आनंद इतका होता की ताईनं फोनवर थेट मराठीतच आरडाओरडा केला आणि तिच्या वॉर्डातल्या सगळ्यांना कळलं.

मग ऑगस्टमध्ये बँडचं निवेदन आलं. २०१९च्या सुरुवातीला लांबचा दौरा होता, त्यात विमानप्रवास भरपूर. बँडमधल्या जेरार्ड लव्हला तो नको होता, बाकीच्यांना करायचा होता, आणि एकमत होत नव्हतं. ब्रिटनमधले हे कार्यक्रम झाले की जेरार्ड बँडमधून बाहेर पडणार. निवेदनात कुणावर राग नव्हता, दोषारोप नव्हता. जवळपास तीस वर्षं एकत्र वाजवलेल्या माणसांनी साध्या शब्दांत सांगितलं होतं, बस्स. मी ते कामावर असताना वाचलं आणि त्या दिवशी दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही.

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. बँडमधून माणसं जातातच. पण टीनएज फॅनक्लबची बांधणी वेगळी आहे. इथे एक मुख्य गायक आणि मागे बाकीचे वादक असा प्रकार नव्हता. नॉर्मन ब्लेक, रेमंड मॅकगिन्ली आणि जेरार्ड लव्ह हे तिघेही गाणी लिहायचे, आणि ज्यानं लिहिलं त्यानंच गायचं हा रिवाज. नॉर्मन आणि रेमंड गिटारवर, जेरार्ड बेसवर. 'ग्रँड प्री' या १९९५च्या अल्बममध्ये तेरा गाणी आहेत आणि तिघांचा वाटा जवळजवळ सारखा आहे. एकाचं गाणं चालू असताना उरलेले दोघं त्याच्या सुराला सूर देतात. म्हणजे जेरार्ड गेला की त्याची गाणी तर जाणारच, शिवाय नॉर्मन आणि रेमंडच्या गाण्यांतलाही तिसरा आवाज जाणार.

आमच्याकडे, सांगलीच्या बाजूला, लहानपणी जत्रेत शाहिरांचे कार्यक्रम ऐकलेत. शाहीर कडवं म्हणतो, मागे उभे असलेले झीलकरी शेवटची ओळ उचलतात आणि एकट्या माणसाचं सांगणं सगळ्यांचं होऊन जातं. झील धरणारे ढिले असतील तर शाहीर कितीही पट्टीचा असो, फड रंगत नाही. टीनएज फॅनक्लबमध्ये आत्ताचा शाहीर पुढच्या गाण्यात झीलकरी होतो आणि झीलकरी शाहीर. मला तरी या बँडचं सगळं मर्म त्या अदलाबदलीतच दिसतं. ते रेकॉर्डवरही ऐकू येतं, पण समोर उभं राहून पाहिल्यावर मात्र त्याचा अर्थच बदलला.

मला हा बँड ताईमुळे कळला. ती १९९७मध्ये शिकायला ग्लासगोत आली आणि त्याच वर्षी यांचा 'साँग्ज फ्रॉम नॉर्दर्न ब्रिटन' निघाला. त्यातलं 'एन्ट दॅट इनफ' ब्रिटनमधल्या खपाच्या गाण्यांच्या यादीत सतराव्या क्रमांकावर गेलं, आणि त्या यादीत त्यांचं सगळ्यात वर गेलेलं गाणं तेच. म्हणजे यशाची पातळी एवढीच. तिनं दोन सीडींवरून एक नव्वद मिनिटांची कॅसेट भरून सांगलीला येणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर पाठवली. एका बाजूला 'नॉर्दर्न ब्रिटन', दुसऱ्या बाजूला 'ग्रँड प्री'. दोन्ही अल्बम चाळीस मिनिटांच्या जरासे वर, त्यामुळे बाजू संपता संपता अगदी थोडी टेप कोरी उरायची. मी शाळेत होतो, इंग्रजी शब्द अर्धेअधिक कळत नव्हते. पण चाली पाठ झाल्या आणि त्याच्यामागून शब्द आले.

हा बँड ज्या पॉवर-पॉप प्रकारातला, त्याचं वंशवृक्षासारखं चित्र काढता येतं. हे नाव प्रथम वापरलं 'द हू' या बँडच्या पीट टाउनशेंडनं, १९६७मध्ये. बीटल्स आणि बर्ड्सच्या गोड चाली घ्यायच्या, त्याच्याखाली मोठ्या आवाजाच्या गिटारी आणि जोरकस ड्रम ठेवायचे, गाणं तीन-चार मिनिटांत संपवायचं. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या मेम्फिसचा 'बिग स्टार' हा बँड त्यातला सगळ्यात मोठा, आणि त्या काळी सगळ्यात कमी विकला गेलेला. अ‍ॅलेक्स चिल्टन त्यांचा गायक. ग्लासगो आणि शेजारच्या बेल्सहिलच्या या पोरांनी बिग स्टार पारायणं करून ऐकला होता. १९९१मध्ये त्यांचा 'बँडवॅगनेस्क' आला तेव्हा अमेरिकेतल्या 'स्पिन' मासिकानं त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं, आणि त्याच वर्षी 'निर्वाणा' या बँडचा गाजलेला 'नेव्हरमाइंड' आलेला होता. या निवडीवरून लोक आजही भांडतात. माझ्या मते मासिकाचं बरोबर होतं.

मधल्या रात्री मी संध्याकाळच्या गाडीनं एडिनबरोहून क्वीन स्ट्रीट स्टेशनला उतरलो. ताई परस्पर हॉस्पिटलमधून आली. आम्ही चालतच निघालो: ट्राँगेट, मग टोलबूथचा तो जुना मनोरा, आणि तिथून गॅलोगेट. ग्लासगोचा हा पूर्वेकडचा भाग, कष्टकऱ्यांची वस्ती. शनिवार-रविवारी इथे 'बॅराज' नावाचा बाजार भरतो. हातगाड्या भाड्यानं देणाऱ्या मॅगी मॅकआयव्हर या बाईनं तो उभा केला आणि बॅरोलँडचा नाचाचा हॉलही तिनंच बांधला. फेरीवाल्यांसाठी ती दर वर्षी नाताळात मेजवानी ठेवायची. एके वर्षी नेहमीचा हॉल मिळाला नाही, तेव्हा तिनं स्वतःचाच बांधायचं ठरवलं, असं तिथले लोक अजून अभिमानानं सांगतात. १९३४मध्ये तो उघडला, १९५८मध्ये आगीत गेला, १९६०च्या नाताळात पुन्हा उभा राहिला. पुढे नाचाचे दिवस ओसरले आणि १९८३च्या सुमारापासून तो रॉक बँडांचा झाला.

जवळच बॅरोलँड पार्क आहे. तिथे बागेतून एक रंगीत पायवाट काढलीय. रंगीबेरंगी पट्ट्यांवर या हॉलमध्ये कोण कोण वाजवून गेलं त्यांची नावं आणि तारखा. शेल्फात ओळीनं लावलेल्या रेकॉर्डांचे कणे दिसतात तशी ती दिसते. ताई तिथे दर वेळी थांबते. अंधार पडला होता, मोबाइलचा उजेड पाडून आम्ही वाकून नावं वाचत होतो, आणि आमच्यासारखेच पाच-सहा जण वाकलेले होते. एक जण आपल्या मुलाला बोट लावून दाखवत होता, "याला मी होतो. आणि यालासुद्धा." मुलगा बारा-तेरा वर्षांचा, बापाच्या मापाचा जुना टी-शर्ट घातलेला.

हॉलच्या दर्शनी भिंतीवर निऑनची पाटी आहे, भलीमोठी, रंग बदलणारी, चांदण्यांची. फोटोत ती शेकडो वेळा पाहिली होती. प्रत्यक्षात तिचा उजेड खालच्या ओल्या रस्त्यावर पडतो आणि रांगेतल्या सगळ्यांचे चेहरे एकदा लाल, एकदा निळे होतात. रांग शांत होती. वय बहुतेकांचं पंचेचाळीसच्या पुढचं, जाड जॅकेटं, एकमेकांना वर्षानुवर्षांनी भेटणारे मित्र. "तू अजून तिथेच का?" "मुलं किती मोठी झाली?" असंच बोलणं कानावर येत होतं. जेरार्डबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

दारात बॅग तपासतात, तिकीट स्कॅन करतात, मग जिने चढून वर जायचं. मुख्य हॉल वरच्या मजल्यावर आहे. कोट ठेवायच्या खिडकीवर आधीच जाऊन यावं हे मी इथे कळकळीनं सांगतो, कारण आत एकदा गर्दी झाली की जाड कोट अंगावर असणं ही शिक्षा आहे. वर गेल्यावर ताईनं पर्समधून फोमच्या बोळ्यांची डबी काढली. ती कान-नाक-घशाची डॉक्टर.

"हे घाल."

"ताई, नीट ऐकू येणार नाही गं."

"जास्त चांगलं ऐकू येईल. घाल म्हणते ना. कानात कायमची शिटी वाजणारे माझ्याकडे रोज येतात, आणि त्यातले निम्मे असल्या कार्यक्रमांना जाणारे."

रॉकच्या कार्यक्रमात शंभर डेसिबलपर्यंत आवाज सहज जातो. ८५ डेसिबल आठ तास सहन करता येतो, पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते, म्हणजे शंभरला जेमतेम पंधरा मिनिटं, हा हिशोब तिनं मला तिथेच उभ्या उभ्या समजावला. आणि तिचं म्हणणं खरं निघालं. बोळ्यांनी वरचा कर्कश भाग कापला जातो, गळे आणि बेस मोकळे ऐकू येतात. तेव्हापासून मी बोळ्यांशिवाय कुठल्याही कार्यक्रमाला उभा राहिलेलो नाही.

आत साधारण एकोणीसशे माणसं मावतात. छत कमानीसारखं गोलाकार, खाली लाकडी जमीन. ही जमीन नाचासाठी बांधलेली, तिला उसळी आहे. हे मी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ नंतर कळला. आम्ही मिक्सिंग डेस्कच्या जरा पुढे, मध्यावर जागा धरली. पहिल्या रांगेत जायचा मोह होतो, पण तिथे स्टेजवरच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज अंगावर येतो आणि गाणारे गळे दबतात. साउंड इंजिनिअर जिथे उभा राहून ऐकतो त्याच्या आसपास सगळं जिथल्या तिथे ऐकू येतं. ज्या बँडची सगळी मदार गळ्यांवर, त्याला ऐकायचं तर तिथूनच.

दिवे गेले आणि ते आले. कसलाही थाट नाही, साधे शर्ट, हात वर करून लोकांना नमस्कार केल्यासारखं काहीतरी, आणि थेट गिटारी गळ्यात. क्रिएशनच्या काळात ड्रमवर असलेले दोघं, ब्रेंडन ओ'हेअर आणि पॉल क्विन, या मैफलींसाठी परत आले होते. नेहमीचा ड्रमर फ्रान्सिस मॅकडॉनल्ड होताच, डेव्ह मॅकगोवनही होता. म्हणजे या बँडचा सगळा गोतावळाच स्टेजवर.

त्या रात्रीचे अल्बम नेमके माझ्या कॅसेटमधले दोन, आधी 'ग्रँड प्री', मग 'नॉर्दर्न ब्रिटन'. 'ग्रँड प्री'चं पहिलं गाणं रेमंडचं, 'अबाउट यू'. कॅसेटमध्ये ते छान, टवटवीत वाटायचं. इथे गिटारींचा पहिला ठोका छातीवर बसला. मी इतकी वर्षं या गाण्यांचा गोडवाच ऐकत आलो होतो, जोर ऐकलाच नव्हता. दोन-दोन गिटारी एकाच वेळी भरून वाजत होत्या, त्यांच्या तळाशी जेरार्डचा बेस, आणि एवढ्या गदारोळाच्या वर तीन माणसं अजिबात न ओरडता, बोलल्यासारखी गात होती. रॉकमध्ये आवाज वाढला की गाणारा किंचाळायला लागतो. हे लोक किंचाळत नाहीत. गिटारींनी कितीही जोर केला तरी गळा तसाच मऊ, जराही न ताणलेला. म्हणूनच चाल बुडत नाही, वर तरंगत राहते. एवढी एक गोष्ट कळायला मला त्या हॉलपर्यंत जावं लागलं, आणि ती रेकॉर्ड ऐकून कळणारी नाहीच असं माझं ठाम मत आहे.

अल्बम क्रमानं वाजवला की ऐकणाऱ्याच्या मनाची मजेशीर अवस्था होते. एरवी कार्यक्रमात पुढे काय येणार याची उत्सुकता असते. इथे पुढचं गाणं सगळ्यांना माहीत. एक गाणं संपून टाळ्या चालू असतानाच पुढच्याचा पहिला सूर डोक्यात वाजायला लागतो, आणि मग तोच सूर स्टेजवरून येतो. 'अबाउट यू' संपल्यावर अख्ख्या हॉलनं श्वास धरला, कारण आता 'स्पार्कीज ड्रीम', जेरार्डचं. त्यांच्या सगळ्या गाण्यांत लोकांचं सगळ्यात लाडकं म्हणावं असं. ते एरवी शेवटी राखून ठेवतील, इथे ते दुसऱ्याच क्रमांकाला.

त्यानं पहिली ओळ उचलली आणि जमीन हलली. एकोणीसशे माणसं एकदम उडायला लागली आणि त्या जुन्या नाचाच्या जमिनीनं सगळ्यांना खालून वर ढकललं. न उडताही माणूस उडत होता. माझ्या पुढचा टकला, धिप्पाड गृहस्थ दोन्ही हात वर करून, डोळे मिटून, नेमक्या वरच्या सुरातली झील गात होता. मुख्य चाल नव्हे, झील. मग लक्षात आलं की आजूबाजूला बरेच जण तेच करतायत. कुणी नॉर्मनचा सूर धरलाय, कुणी रेमंडचा, ज्याचा त्याचा ठरलेला. एवढ्या वर्षांत गाडी चालवताना, भांडी घासताना प्रत्येकानं आपापला सूर निवडून पक्का करून ठेवलेला. मागून कुणीतरी जेरार्डला ओरडून दाद दिली, "गॉन यरसेल, बिग मॅन!" ग्लासगोची ही शाबासकी. जेरार्ड किंचित हसला आणि बेसकडे बघत राहिला.

मी त्या रात्री त्याच्याकडेच जास्त पाहिलं, हे सांगायला हवं. नॉर्मन बोलका, हसतमुख, दोन गाण्यांच्या मध्ये लोकांशी गप्पा मारणारा. रेमंड शांत, गिटारचे लांब तुकडे एकाच जागी उभा राहून वाजवणारा; 'नील जुंग' या गाण्याच्या शेवटी त्यानं जे वाजवलं त्याला माझ्याकडे शब्द नाहीत. जेरार्ड मात्र जवळजवळ अबोल. स्वतःचं गाणं आलं की माइकपाशी येणार, गाणार, मागे जाणार. पण दुसऱ्याचं गाणं असताना त्याचं काय चालतं ते बघण्यासारखं होतं. नॉर्मनच्या 'मेलो डाउट'मध्ये ध्रुपद जवळ आलं की तो एक पाऊल पुढे यायचा, ओळ भरायचा, संपताच परत मागे. रेमंडच्या गाण्यातही तसंच. एकाचा सूर मूळ चालीवर, दुसऱ्याचा त्याच्या वर गंधाराच्या अंतरानं, तिसऱ्याचा खाली, आणि तिघांचेही आवाज जात्याच इतके मिळतेजुळते की कुठला कुणाचा हे कळायला त्यांच्या ओठांकडे बघावं लागतं. एका ठिकाणी तिघेही एकाच वेळी माइकपासून मागे सरकले. कुणी कुणाकडे बघितलं नाही, खूण केली नाही. तीस वर्षांच्या तालमीचा तो एक क्षण मी अगदी स्पष्ट पाहिला.

त्या तेरा गाण्यांतली काही अशी होती की जी ते सहसा वाजवत नाहीत. 'डिस्कोलाइट' सुरू झालं तेव्हा ताईनं माझं मनगट घट्ट पकडलं. तिचं ते सगळ्यात आवडतं आणि ते स्टेजवर कधी ऐकायला मिळेल अशी आशा तिनं सोडून दिली होती. अल्बम पूर्ण वाजवण्याचा खरा फायदा हाच. गाजलेली गाणी कुठेही ऐकायला मिळतात. कोपऱ्यातली, रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूच्या मध्यावर असलेली गाणी अशाच वेळी उजेडात येतात. आणि त्यांनाही लोक तितक्याच जोरात गात होते. अख्ख्या हॉलमध्ये एकही गाणं कुणाला परकं नव्हतं.

मधल्या वेळात पाणी घ्यायला गेलो तेव्हा बारपाशी एक बाई भेटली, साठीच्या आसपासची, कमरेला स्वेटर बांधलेला. आम्ही कुठले विचारलं. सांगितलं. तिनं सांगितलं की तिची आई याच हॉलमध्ये नाचायला यायची, आगीनंतर पुन्हा बांधला त्या काळात, आणि वडिलांची भेट इथेच झाली. मग एकदम म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, तो खूश दिसतोय ना?" कोण ते विचारायची गरज नव्हती. ताई म्हणाली, "हलका दिसतोय." बाईनं मान हलवली आणि दोघी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

'नॉर्दर्न ब्रिटन'ची गाणी आली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचं कारणही नव्हतं. 'एन्ट दॅट इनफ' जेरार्डचंच. साधं, दिवस उगवल्यासारखं गाणं. ध्रुपदाला बँडनं आवाज खाली घेतला की लोकांचा वर आला हे मला नेमकं सांगता येणार नाही, पण काही ओळी स्टेजवरून कमी आणि हॉलमधून जास्त आल्या. कमानीच्या छताला लागून तो आवाज पुन्हा आमच्यावर उतरत होता. एवढ्या लोकांना सुरात गाताना मी वारीत ऐकलंय, नाट्यगृहात नाही. रेमंडचं 'युअर लव्ह इज द प्लेस व्हेअर आय कम फ्रॉम' बरंच पुढे आलं, त्यात सगळे गप्प झाले, आणि तेही तितकंच खरं होतं.

शेवटची रात्र वेगळी होती. 'हाउडी!' हा २०००चा अल्बम, आणि सोबत त्या काळातली बी-बाजूंची गाणी, म्हणजे सिंगलच्या मागे टाकलेली, अल्बममध्ये न आलेली. ही रात्र कट्टर मंडळींची. काही गाण्यांना सुरुवातीला नुसती कुजबुज, मग ओळख पटल्याचा एकदम गलका. बी-बाजूंतली काही गाणी दुसऱ्यांची होती, यांनी आपल्या पद्धतीनं गायलेली, आणि त्यात हे लोक कुणाला गुरू मानतात ते दिसतं. वाजवणंही आदल्या रात्रीपेक्षा मोकळं, जरा सैल. ताईला ही रात्र जास्त आवडली, मला मधली. त्यावरून आम्ही क्वीन स्ट्रीटपर्यंत वाद घातला.

मला अपेक्षा होती की शेवटी काहीतरी होईल. भाषण, फुलं, मिठ्या. लोकांनी मात्र ते जेरार्डवर लादलं नाही. त्याचं प्रत्येक गाणं संपल्यावर टाळ्या जरा जास्त वेळ चालायच्या, एवढंच. त्याच्या नावाचा घोष व्हायचा, तो मान लववायचा, आणि पुढचं गाणं सुरू व्हायचं. बँडचे कार्यक्रम पुढे नोव्हेंबरमध्ये लंडनपर्यंत चालले, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या ग्लासगो हा शेवट नव्हता. पण घर हेच होतं. बॅरोलँडमधल्या लोकांना ते माहीत होतं आणि त्यांनी ते आपल्या पद्धतीनं, आरडाओरडा न करता पार पाडलं. मला त्या शहराबद्दल तेव्हा जे वाटलं ते अजून तसंच आहे.

नंतर बँड थांबला नाही. डेव्ह मॅकगोवन बेसवर गेला, वेल्सचा युरोस चाइल्ड्स कीबोर्डवर आला, २०२१मध्ये 'एन्डलेस आर्केड' आणि २०२३मध्ये 'नथिंग लास्ट्स फॉरएव्हर' निघाला. दोन्ही मला मनापासून आवडतात. दोन्हींत नॉर्मन आणि रेमंड वयाला साजेसं, खोल लिहितायत. पण जेरार्डची गाणी ते आता वाजवत नाहीत. ज्याचं गाणं त्यानंच गायचं हा मूळचा रिवाज त्यांनी पाळला. म्हणजे 'स्पार्कीज ड्रीम' नाही, 'डिस्कोलाइट' नाही, 'एन्ट दॅट इनफ' नाही.

ताई म्हणते हे चूक आहे. गाणी लोकांची झालीत, नॉर्मननं गावीत, लोक सांभाळून घेतील, त्या रात्री हॉलनंच नाही का गायली? मला तिचं म्हणणं पटत नाही. नॉर्मन 'स्पार्कीज ड्रीम' गाईल तेव्हा त्याचा स्वतःचा, वरचा सूर कोण धरणार? ती म्हणते, आम्ही धरू. नवीन दौरा जाहीर झाला की आमचं हे भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि तिकिटं मात्र तीच आधी काढते, दोघांची.